घामातून जातं ते

“आई, तुमच्यातून फार जातंय,” सुप्रिया म्हणाली तेव्हा लीलाबाईंनी शेवटची भाकरी तव्यावरून काढून जाळावर टाकली होती. भाकरी टम्म फुगली, तिच्या कडेला काळं लागायला लागलं, तरी त्या चिमटा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. वाक्य म्हणजे काही मोठं नव्हतं. कुणी म्हणावं दूध उतू जातंय, तितक्या साधेपणानं सून म्हणाली होती, आणि म्हणतानाही तिनं सासूच्या पाठीवर हात ठेवला होता. पण “जातंय” हा शब्द लीलाबाईंच्या मनात जो बसला तो उठेना. बाहेर बारामतीचं मे महिन्यातलं ऊन गच्चीवरच्या टाक्यांवर आदळत होतं, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या स्वयंपाकघरात पंखा नुसता गरम हवा ढवळत होता, आणि कपाळावरून निघालेला घामाचा एक थेंब नाकाच्या कडेनं ओठापर्यंत आला. रोजचाच थेंब. त्यांनी तो पदरानं टिपला, आणि जन्मात पहिल्यांदा पदराकडे पाहिलं, की त्यात काय गेलं.

सुप्रिया कॉलेजात शिकवायची आणि तिथंच घामावर अभ्यास करत होती. घामावर, हे ऐकून सासरे हिंदुराव पहिल्या दिवशी पोट धरून हसले होते. आयुष्यभर भट्टीपुढं आमी तेवढंच दिलं, तवा कुणी बाटलीत भरून नेला न्हाय, असं म्हणाले होते. पुरुषांच्या घामातून काय जातं आणि बायकांच्या घामातून काय, हे तिला पाहायचं होतं. पुरुष लगेच मिळाले. सदरा काढून हात पुढं करायला त्यांना काय लागतं! बायका मात्र लाजायच्या. घाम म्हणजे लपवायची गोष्ट, काखेला डाग दिसू नये म्हणून हात अंगाशी धरून बसायची गोष्ट. खालच्या मजल्यावरची फरिदा ब्लाउज शिवायची, ती म्हणाली होती की बायका कुठं किती घामेजतात ते मला त्यांच्या नवऱ्यापेक्षा जास्त ठाऊक, आणि हसत हसत तिनंच आधी हात पुढं केला होता. मग लीलाबाईंनी. सुनेला नाही कसं म्हणायचं? तिनं हात स्वच्छ पाण्यानं धुऊन कोपराच्या खालच्या अंगाला एक मऊ पांढरी पट्टी चिकटवली, तेल, हळद, पावडर काही लावू नका म्हणाली, आणि रोजची कामं करा म्हणून सांगून गेली. दुपारी तिनं पट्टी चिमट्यानं काढून काचेच्या बाटलीत टाकली. लीलाबाईंना ते पाहून उगाच अवघडल्यासारखं झालं होतं, आपल्याच अंगातलं काहीतरी परक्या घरी निघाल्यासारखं.

घामातून नुसतं मीठपाणी जात नाही, सुप्रियानं समजावलं होतं. अंगातली प्रथिनं म्हणजे माळा समजा. माळेचे जे मणी, त्यांना म्हणतात अमायनो आम्लं. त्यातलेही थोडे मणी घामासोबत निसटतात. काही मणी शरीर आपलं आपण परत घडवतं. काही त्याला घडवता येत नाहीत, ते जेवणातूनच यावे लागतात. पुरुषांचा घाम जास्त, पण म्हणून बायकांचं कमी जातं असं धरून चालायचं नाही, तेच तर बघायचंय. पुरुष गळतात, बायका पाझरतात, असं लीलाबाईंच्या मनात आलं, पण त्या बोलल्या नाहीत. शिकलेल्या माणसाच्या बोलण्यात आपलं घालायचं नाही, ही त्यांची सवय. आता सून सांगत होती की सगळ्या बायकांच्या पट्ट्यांत त्यांची पट्टी वेगळीच निघालीय, इतकी की तिनं आधी चुकलं असेल म्हणून पुन्हा तपासलं. आई, तुम्ही हाताला काही लावलं नव्हतं ना? नाही गं, लीलाबाई म्हणाल्या. आणि खरंच त्यांनी काही लावलं नव्हतं. मग सुप्रियानं हळूच, जपून, जे म्हणायचं ते म्हटलं. इतकं जात असेल आणि तुम्ही दिवसातून एकदाच जेवत असाल, तर ते भरून कुठून निघणार?

एकदाच जेवायचं, हे त्यांचं व्रत होतं. दुपारी पूजा आटोपून, नैवेद्य दाखवून एक पान. संध्याकाळी देवापुढं दिवा, पाणी, तीर्थ. बास. मुलाच्या, ज्ञानेशच्या लग्नातसुद्धा रात्रीच्या पंगतीत त्या वाढत फिरल्या होत्या आणि विहीणबाईंना वाटलं होतं की सासू फारच मायाळू, स्वतः जेवायचं विसरते. व्रत का धरलं हे कुणी विचारलं नाही. बायकांच्या व्रतांना कुणी कारण विचारत नाही. पावसाळ्यात छत्री का घेतली असं कुणी विचारतं का? ज्ञानेश पुण्याला नोकरीत, शनिवारी यायचा. सुप्रिया घरात आली तेव्हा व्रत आधीपासून होतंच, तुळशीसारखं. आणि हिंदुराव? त्यांना वाटायचं, बायकोला देवाचं वेड आहे, असू दे, दुसरं काही मागत नाही. लीलाबाईंनी जळकी भाकरी स्वतःच्या पानात ठेवली. त्या दुपारी जेवताना प्रत्येक घास घशाखाली उतरल्यावर त्यांना वाटायचं, हा मणी. हाही मणी. आणि लगेच मानेवरून ओघळ जायचा.

पूर्वी वालचंदनगरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये मागच्या बाजूला कपडे धुवायचा दगड होता. हिंदुराव भट्टीखात्यात. पाळी संपवून यायचे तेव्हा सदऱ्याची पाठ वाळून पांढरी झालेली असायची, कडक, पापडासारखी, आणि तिच्यावर मिठाच्या रेघांनी बेटं, खाड्या, न पाहिलेले देश उमटलेले असायचे. नवी नवरी असताना लीलाबाई त्या पाठीवरून बोट फिरवायच्या आणि कुणी बघत नाही असं पाहून बोट जिभेला लावायच्या. खारट. मग सदरा बादलीत बुडायचा, पाणी गढूळ व्हायचं, आणि त्या ते गटारात ओतून द्यायच्या. आज त्यांना वाटलं, तीस वर्षं आपण हा माणूस थोडा थोडा पिळून गटारात सोडत आलो. मीठ तेवढं दिसलं. मणी दिसले नाहीत. दिसले असते तर काय केलं असतं? वेचून परत ओवले असते का? मग वाटलं, ओवलेच की. रोज उसळ, रोज भाकरी, दुधाचा पेला, शनिवारचा उपास सोडताना मुगाची खिचडी. पेल्यावर झाकण ठेवून त्या दारात उभ्या राहायच्या आणि पाळीचा भोंगा झाल्यावर सायकली यायच्या त्यांत एक सायकल शोधायच्या. ते ओवणंच होतं, फक्त तेव्हा त्याला नाव नव्हतं. या विचारानं त्यांना एवढं बरं वाटलं की भांडी घासताना त्या स्वतःशीच हसल्या.

पण मग ती दुपार आली, जी त्या मनात येऊ द्यायच्या नाहीत. भट्टीपुढं आयुष्य काढलेला माणूस पडला तो उन्हानं. सुट्टीला दोघं शेळगावला गेली होती, दिरांच्या रानात बांधाचं काम होतं, आणि यांनी टोपीसुद्धा न घालता भर दुपारी टिकाव मारला. आणून खाटेवर टाकलं तेव्हा अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं. कोरडं, हेच लीलाबाईंना आधी कळलं. या माणसाच्या अंगावर हात ठेवला आणि हात ओला झाला नाही असं कधी घडलंच नव्हतं. इंदापूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की अंगानं घाम द्यायचं सोडलंय, तो सुटला तर बरं. बायका नवऱ्यासाठी सौभाग्य मागतात, आयुष्य मागतात. लीलाबाईंनी दवाखान्याच्या पायरीवर बसून घाम मागितला. देवा, यांना घाम येऊ दे. माझं एक वेळचं जेवण तुझं. बर्फाच्या पाण्याची फडकी बदलता बदलता संध्याकाळी त्यांच्या हाताला कपाळ ओलसर लागलं. आधी वाटलं फडक्याचं पाणी. मग कानामागे हात लावला, तिथं फडकं पोचलं नव्हतं, तिथंही ओल. तेव्हापासून संध्याकाळचं पान त्यांनी कधी मांडलं नाही. मोडलं तर काय होईल याचा विचार त्यांनी केला नव्हता. विचार करायची गरजच नव्हती. दिवा विझला की अंधार होतो, तसं ते होतं. आणि आता सून मऊ आवाजात सांगत होती, दिवा विझवा.

घरानं त्यांना प्रेमानं वेढा घातला. सुप्रिया म्हणाली, व्रत मोडा म्हणत नाही आई, नुसतं संध्याकाळी थोडं घ्या. ज्ञानेशनं फोनवर सांगितलं. फरिदा म्हणाली, आमच्यातसुद्धा आजाऱ्याला रोजा माफ असतो, भाभी. सगळ्यांत कडी केली हिंदुरावांनी. ज्या माणसाला घरात साखरेचा डबा कुठला ते ठाऊक नव्हतं, तो सकाळी उठून मटकी भिजत घालायला लागला. फडक्यात बांधून तिला मोड आणायचे, आणि बाळाचं पांघरूण सरकवून बघावं तसं दर थोड्या वेळानं फडकं उघडून बघायचे. एसटीनं पणदऱ्याला जाऊन ओळखीच्या घरून म्हशीचा खरवस घेऊन आले. शेंगदाण्याची टरफलं सोलून वाटी भरायचे आणि दुपारच्या पानाशेजारी सरकवायचे, काही न बोलता, जशी ती वाटी आपली आपण चालत आली. लीलाबाई दुपारी सगळं खायच्या. इतकी वर्षं त्यांनी या माणसाला वाढलं होतं. कुणी आपल्यासाठी टरफल सोलतंय हे बघताना त्यांना लाजल्यासारखं व्हायचं, आणि हे बायकोचं सुख की काय असं वाटून जीव भरून यायचा. पण दिवेलागणीला ते स्वतः ताट वाढून समोर ठेवायचे, आणि लीलाबाई हात जोडायच्या.

“का पर?” एका संध्याकाळी त्यांनी विचारलं. लीलाबाईंना सांगता येईना. ज्याचा जीव या व्रताला टांगलाय त्यालाच कसं सांगायचं की तो टांगलाय? त्या म्हणाल्या, देवाला शब्द दिलाय. हिंदुरावांनी स्वतःचं ताट लीलाबाईंच्या ताटावर झाकलं. “मंग मी बी देतो,” ते म्हणाले. “तू जेवशील त्या सांजला मी जेवंन.”

हट्टाचा माणूस. सुप्रियानं सांगून पाहिलं की आबा, तुम्हाला साखरेच्या गोळ्या चालू आहेत, असं उपाशी राहून चालत नाही. ते म्हणाले, सासूला सांग. लीलाबाई रडकुंडीला आल्या. लपवून दूध दिलं तर पेला परत. भाकरी कुस्करून ठेवली तर मांजराला. आणि त्यांच्या मनात दोन भीती समोरासमोर उभ्या राहिल्या, एकमेकींचं तोंड बघत. मी जेवले तर यांचं काय होईल? नाही जेवले तर यांचं काय होईल? देवापुढं बसलं तरी जपाचे मणी बोटांत अडकायचे आणि त्या कुठं होत्या ते विसरून पुन्हा मेरूपासून सुरू करायच्या.

प्रदोष आला. प्रदोषाला त्या सूर्य मावळताना महादेवाला अभिषेक करायच्या. आंघोळ करून, ओल्या केसांनी, देवघरापुढं चौरंग मांडून त्यांनी पंचामृत कालवलं, दूध, दही, तूप, मध आणि वर साखर. हिंदुराव मागं खुर्चीवर बसले होते. त्यांनी साखरेची गोळी घेतल्याचं लीलाबाईंनी पाहिलं होतं, पाण्याचा आवाज ऐकला होता. संकल्प सोडला, पळी भरली, पिंडीवर धार धरली, आणि मागून खुर्ची करकरली. तसं कधी करकरत नसे. वळून पाहिलं तर हिंदुराव मान टाकून बसले होते, ओठ पांढरे, हात थरथरतोय, आणि कपाळावरून, कानामागून, गळ्यावरून घाम नुसता लोटत होता. दरदरून, थंडगार. ज्या घामासाठी त्यांनी एकदा पायरीवर बसून पदर पसरला होता तोच आता सदरा भिजवत होता. डोळे उघडे होते. “लीले,” ते म्हणाले, “फिरतंय.”

साखर, असं सुप्रिया कधीतरी म्हणाली होती, आबांना घाम फुटला, थरथरलं, तर आधी साखर. आधी. लीलाबाईंच्या हातात भरलेली पळी होती. चौरंगावर पिंडी अर्धी दुधात न्हालेली, अभिषेक सुरू होऊन मध्येच थांबलेला, संकल्प सुटलेला. त्यांनी क्षणभर पिंडीकडे पाहिलं असेल नसेल. मग पंचामृताचं भांडंच उचललं, गुडघ्यावर उभ्या राहिल्या आणि पळी हिंदुरावांच्या तोंडाला लावली. घ्या. अजून घ्या. तळाची साखर बोटानं खरवडून त्यांच्या जिभेवर ठेवली. अभिषेकाला बसल्यावर मध्ये बोलायचं नाही हा त्यांचा नेम. त्या सुप्रियाला हाक मारत होत्या, फरिदाला हाक मारत होत्या, घ्या घ्या म्हणत होत्या. सुप्रिया कॉलेजातून यायची वेळ झालीच होती. ती दारातच होती, पायातल्या चपला न काढता धावत आली, तिनं बोटाला सुई टोचून साखर पाहिली आणि म्हणाली, बरोबर केलंत आई, अजून द्या. हळूहळू ओठांना रंग आला. थरथर थांबली. हिंदुरावांनी जीभ फिरवून ओठांवरचा मध चाटला आणि डोळे मिटून घेतले. तेव्हा कुठं लीलाबाईंना आपला हात दिसला. वर धरून धरून पंचामृत मनगटावरून, बांगड्यांखालून ओघळून कोपरापर्यंत गेलं होतं, कोपराच्या खालच्या अंगाला, जिथं ती मऊ पांढरी पट्टी होती.

त्यांनी त्या ओघळाकडे बराच वेळ पाहिलं. पट्टीच्या दिवशीही सकाळी देवांना पंचामृती स्नान घातलं होतं. पट्टीची कड घामानं सुटत आलेली त्यांना आठवली. बोटानं दाबून बसवल्याचं आठवलं. तेल नाही, हळद नाही, पावडर नाही. पंचामृत सुचलंच नव्हतं, कारण पंचामृत काय आपण लावतो? ते देवाच्या अंगावरून येतं.

हिंदुराव पलंगावर पडून साखर घातलेलं दूध पीत होते, तेव्हा त्यांनी सुप्रियाला बाजूला घेऊन सांगितलं. सांगताना त्यांना धाकधूक होती; एवढ्या अभ्यासाचं नुकसान. शिवाय पट्टी खोटी ठरली की मटकीच्या फडक्याचं, शेंगदाण्याच्या वाटीचं काय, हेही मनाच्या कोपऱ्यात होतं, आणि ते तिथं असल्याची त्यांना लाज वाटत होती. सुप्रियानं आधी कपाळावर हात मारला. मग ती भिंतीला टेकून हसायला लागली, हसता हसता तिचे डोळे भरले आणि तिनं सासूचा तो चिकट हात तसाच आपल्या गालाला लावला. दुधातले, दह्यातले मणी होते ते आई, ती म्हणाली, तुमचे नव्हते. तुम्हाला काही झालेलं नाही. आपण पुन्हा पट्टी लावू, चारचौघींसारखंच निघेल बघा. पुढं थांबून म्हणाली, मी उगाच घाबरवलं तुम्हाला, आणि त्यातून आबांनी हे आरंभलं. लीलाबाईंना वाटलं होतं तसं सुटल्यासारखं मात्र वाटलं नाही. व्रत राहणार होतं. आता त्याला कुणी काही म्हणणार नव्हतं. तरी खुर्चीतल्या त्या पांढऱ्या ओठांचं काय? व्रत चालू असतानाच ते पांढरे झाले होते.

त्या पलंगाच्या कडेला जाऊन बसल्या आणि दवाखान्याच्या पायरीवरचं सगळं पहिल्यांदा बोलल्या. खाली बघत, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, लग्नाच्या बोलणीत मुलगी बोलते तसं. हिंदुराव ऐकत राहिले. थट्टा करतील असं वाटलं होतं; त्यांनी केली नाही. पेला खाली ठेवला.

“येवढी वरसं माज्यापायी?”

लीलाबाईंनी पदराचं टोक सोडलं आणि पुन्हा गुंडाळलं.

“आन मी म्हणायचो, हिला भूकच न्हाय.” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. मग देवघराकडे पाहिलं. तिथं अर्धी न्हालेली पिंडी तशीच होती, समई लागायची होती. “लीले, तू त्याला तुजं ताट दिलंस. आज त्यानं काय केलं? सवताच्या अंगावर पडायचं ते माज्या तोंडात घातलं. त्यानं माघारी दिलं की गं. आता तू धरून का बसलीयास?”

इतकी वर्षं देवाशी लीलाबाईंचं जे बोलणं चालू होतं त्यात देवानं उत्तर दिल्याचं त्यांना कळलं नव्हतं आणि या देवळात न जाणाऱ्या माणसाला पलंगावर पडल्या पडल्या ते कळलं होतं. त्या उठल्या, राहिलेला अभिषेक नुसत्या पाण्यानं पुरा केला, आणि डोळे मिटल्यावर कशाचीच भीती वाटली नाही तेव्हा त्यांनी मनात म्हटलं, बरं.

धरलेलं व्रत असं सोडून देत नाहीत, त्याचं उद्यापन करतात, आणि उद्यापनाला मेहूण जेवू घालतात; नवराबायकोचं जोडपं, लक्ष्मीनारायण मानून. कुणाला बोलवायचं यावर शनिवारी चर्चा निघाली. हिंदुराव म्हणाले, मेहूण भाइरनं कशापायी, हितंच हाय की. लीलाबाई हळू आवाजात म्हणाल्या, असं चालत नाही, जिचं व्रत तिनं वाढायचं असतं, तिनं बसायचं नसतं. त्यांना खरोखर ठाऊक नव्हतं की चालतं की नाही. तेव्हा सुप्रिया, जिनं या घरात येऊन कधी देवापुढं उदबत्तीसुद्धा लावली नव्हती, म्हणाली, “तुमचं व्रत मी घेते आई, आजच्यापुरतं. माझं म्हणून मी उद्यापन करते. मग तुम्हाला बसता येईल ना?” ज्ञानेश बायकोकडे बघतच राहिला.

तिनं पाट मांडले. रांगोळीचं बोट तिला सवयीचं नव्हतं, रेघ कुठं जाड कुठं तुटकी. संध्याकाळ झाली होती, समईचा उजेड ताटांवर हलत होता, आणि दिव्याच्या उजेडात आपलं पान मांडलेलं बघून लीलाबाईंना परक्या गावी आल्यासारखं वाटलं. वरणाचा रंग दुपारी असा दिसत नाही. सुप्रियानं दोघांच्या पायांवर पाणी घातलं, सासूला कुंकू लावलं, सासऱ्यांना गंध, आणि वाकून नमस्कार केला. मग ती वाढायला लागली. पुरणपोळी तिनं एकटीनं केली होती, कुणाला स्वयंपाकघरात येऊ दिलं नव्हतं. पोळी फुटली होती. पुरण एकीकडे, पापुद्रा एकीकडे. हिंदुराव ताटाकडे बघून काहीतरी म्हणायला तोंड उघडतात तोच लीलाबाईंनी पदराआडून त्यांचा गुडघा दाबला. त्यांनी तोंड मिटलं. पण घास घेईनात. बायकोकडे बघत बसले. मग लीलाबाईंनी त्या फुटक्या पोळीचा तुकडा तुपात बुडवला आणि तोंडात घातला, आणि समोर हातात पोळ्यांचं ताट धरून, कॉलेजात परीक्षेला बसल्यासारखा चेहरा करून उभ्या राहिलेल्या सुनेला म्हणाल्या,

“वाढ गं अजून एक.”